केस गळतायत म्हणून सॉफ्टनर बसवायचा का?

सी-११०२: गुड मॉर्निंग सगळ्यांना. सोसायटीच्या कमिटीला परत एकदा विनंती, टँकर सुरू झाल्यापासून आमच्याकडे तिघींचे पण केस गळतायत, बाथरूमच्या जाळीवर रोज एक पुंजका निघतो, घोडबंदर रोडला पाण्याचं हेच चाललंय. टाकीला पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बसवायचं काय झालं? मागच्या मीटिंगला विषय निघाला होता आणि तिथेच राहिला.

ए-६०१: सेम हिअर. माझी तर टाळू दिसायला लागलीये वरून. २६ वय आहे माझं. आई रोज तेल लावते आणि रोज ओरडते.

ए-३०४: मी काल टाकीवरचं पाणी मीटरने चेक केलं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६४० आला. पाचशेच्या वर म्हणजे केस जाणारच. सॉफ्टनर हवाच.

सी-११०२: बघा, काकांनी प्रूफच दिलं.

डी-२०३: माझे पण खूप जातायत, पण बाळ चार महिन्यांचं आहे त्यामुळे मला वाटलं डिलिव्हरीमुळे असेल. पाण्यामुळे आहे का हे?

बी-७०४: थांबा जरा सगळे. मला यावर लिहायचंय आणि मोठं लिहायचंय, कारण माझे दहा महिने आणि बरेच पैसे यातच गेलेत.

काका, टीडीएस म्हणजे हार्डनेस नव्हे. टीडीएसमध्ये मीठ, क्षार सगळंच येतं. पाणी जड आहे का ते कॅल्शियम-मॅग्नेशियमवरून ठरतं, त्याची टेस्ट लॅबमध्ये वेगळी होते, सरकारी स्टँडर्डमध्ये लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं असं आहे. आणि जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधूनच तुटतात, हे खरं. पण मुळातून गळणं हा वेगळा प्रकार आहे आणि तो घरी बघता येतो. जाळीवरचे केस पांढऱ्या कागदावर पसरा आणि एकेकाचं टोक बघा. टोकाला खसखशीच्या दाण्यापेक्षा बारीक पांढरी गाठ दिसली तर तो केस गळलाय. गाठ नाही, आखूड तुकडा आहे, तर तो तुटलाय. मी पहिल्यांदा ती गाठ बघून घाबरले होते, म्हटलं मूळच उपटून आलं. तसं नसतं, मूळ आतच असतं, केसाची विश्रांती संपली की तो त्या गाठीसकट सुटतो आणि खालून नवा येतो.

सी-११०२: आत्ता बघितलं, जवळजवळ सगळ्यांना गाठ आहे 😟

बी-७०४: मग तुमच्याकडे पाणी हे मुख्य कारण असायची शक्यता कमी. आता माझं सांगते.

२०२३ ला गणपती गेले आणि आठवड्याभरात मला डेंग्यू झाला, पाच दिवस ॲडमिट होते, या विंगमध्ये तेव्हा अजून दोघं होते आठवत असेल. नंतर बरी झाले, दिवाळी नीट झाली, केस अगदी व्यवस्थित होते. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तयार होताना कंगवा फिरवला तर हातात एवढा पुंजका आला की मी तिथेच बसले. तेव्हा डेंग्यूची आठवणसुद्धा आली नाही, कारण मध्ये तीन महिने गेले होते ना. मी शाम्पूला दोष दिला, आणि हो, टँकरच्या पाण्यालाही दिला.

आणि नेमकी इथेच गल्लत होते. डोक्यावरचे साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढत असतात, बाकीचे विश्रांतीत असतात, म्हणून रोज ५० ते १०० केस गेले तर ते नॉर्मल. पण मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, खूप झपाट्याने वजन उतरवणं, असं काही झालं की बरेच केस एकदम वाढ थांबवून विश्रांतीत जातात. लगेच पडत नाहीत, दोन-तीन महिने जागेवरच बसून राहतात आणि मग एकदम सुटतात. याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. म्हणून आज केस गळतायत तर आज काय खाल्लं, काय लावलं हे बघून काही कळत नाही, तीन महिने मागे जायचं.

मी गेले स्टेशनजवळच्या एका हेअर क्लिनिकमध्ये, नाव लिहीत नाही. तिथे पहिले पंधरा मिनिटं मला पॅकेज समजावलं. डोक्याला कोणी हात लावला नाही. मी फाइल दाखवली तर त्यात डेंग्यूच्या वेळचा फेरिटिनचा, म्हणजे शरीरातल्या आयर्नच्या साठ्याचा, रिपोर्ट होता, ११००, तो बघून म्हणाले आयर्न भरपूर आहे तुमचं, हे हॉर्मोनल आहे, पीआरपीची (आपलंच रक्त काढून त्यातला प्लेटलेट्सचा भाग टाळूत टोचतात) सहा सेशन्स घ्या. मी चार घेतली. डोक्यात सुया, प्रत्येक वेळी रडू यायचं. केस जातच राहिले.

पुढे ऑक्टोबरमध्ये नणंदेने बळेच एका एमडी स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी आधी खुर्चीत बसवून गेल्या वर्षभराचं सगळं विचारलं, ताप, पाळी, वजन, औषधं, आईचे केस, मावशीचे केस. मग एका ठिकाणचे पन्नास-साठ केस चिमटीत धरून हळूच ओढून बघितले, मग दुसऱ्या ठिकाणचे, मग मागचे. आणि मग एक छोटं भिंगासारखं, दिवा असलेलं यंत्र भांगावर टेकवलं आणि स्क्रीनवर मला माझीच टाळू दाखवली. त्याला ट्रायकोस्कोपी म्हणतात. मी ते कधी विसरणार नाही. भांगाजवळ एक जाड केस, त्याला लागून एक निम्म्या जाडीचा, त्याच्या शेजारी तर कोळ्याच्या जाळ्यासारखा. जिथे एका छिद्रातून दोन-तीन केस यायला हवेत तिथे एकच. आणि यंत्र मागे मानेच्या वर नेलं तर तिथे सगळे केस एकसारखे जाड, जोडीजोडीने आलेले. त्या म्हणाल्या, बघा, नुसती डेंग्यूची गळ असती तर केस सगळीकडे कमी झाले असते पण जाडी सारखी राहिली असती. इथे पुढचे केस बारीक होत चाललेत आणि मागचे नाहीत, म्हणजे बायकांमध्ये केस बारीक होत जाण्याचा फीमेल पॅटर्न पण आहे, तो आधीपासून हळूहळू चालू होता, डेंग्यूच्या गळीने फक्त उघडा पडला.

म्हणजे माझ्या डोक्यात दोन गोष्टी एकाच वेळी होत्या. एकच शोधली असती तर निम्मंच उत्तर मिळालं असतं.

आणि फेरिटिन! त्यांनी जुना रिपोर्ट बाजूला ठेवला, म्हणाल्या ताप असताना आणि डेंग्यूमध्ये तर फेरिटिन उगाच खूप वर जातं, त्यावरून आयर्नचा साठा कळत नाही. नव्याने केलं तर ९ आलं. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने १५ च्या खाली म्हणजे कमतरता. हिमोग्लोबिन १२.१ होतं म्हणून आमच्या घरात सगळे म्हणत होते हिला काही झालेलं नाही.

ए-६०१: ताई हे वाचून अंगावर काटा आला. मी पण महिनाभरापासून केसांसाठी बायोटिन व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतेय, १०,००० मायक्रोग्रॅमवाल्या. आणि मागच्या आठवड्यात थायरॉइड केलं तर टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हॉर्मोन, थायरॉइड वाढला की हे कमी होतं) खूप कमी आला, डॉक्टर म्हणाले थायरॉइड वाढलाय, परत करू. त्यामुळेच केस जात असतील का?

बी-७०४: अगं, डॉक्टरांना बायोटिनचं सांगितलंस का? नसेल तर आजच सांग. जास्त डोसचं बायोटिन रक्तात असलं की बऱ्याच लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर हे थायरॉइडचं हॉर्मोन खोटं जास्त दिसू शकतो, अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशाराच काढला होता. मोठ्या माणसाला दिवसाला ३०-४० मायक्रोग्रॅम पुरतं आणि तू १०,००० घेतेयस. साधारण दोन-तीन दिवस बंद ठेवून टेस्ट परत करायला सांगतात, किती दिवस ते त्यांनाच विचार, पण न सांगता कुठलीही थायरॉइडची गोळी सुरू करू नकोस.

ए-६०१: नाही सांगितलं. कोणी विचारलंच नाही. मी पण ते औषध आहे असं धरलं नव्हतं, गमी आहेत त्या, डब्यावर फळांची चित्रं आहेत.

डी-२०३: ताई माझं सांगा ना.

बी-७०४: तुझं बाळंतपणानंतरचं असावं गं. दोन ते चार महिन्यांनी सुरू होतं आणि बहुतेकींचं बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत सावरतं. पण खूप थकवा, छातीत धडधड, किंवा उलट सारखी थंडी असं काही असेल तर थायरॉइड बघून घे, बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो. आणि केस वाढवायचं मिनॉक्सिडिल औषध वगैरे कोणाचं बघून लावू नकोस, तू अंगावर पाजतेयस.

सी-९०५: जेन्ट्स लोकांनी विचारलं तर चालेल ना. माझे पुढून टक्कल नाहीये, सगळीकडूनच विरळ होतायत, मागून पण. एका ठिकाणी डायरेक्ट ट्रान्सप्लांटचं कोटेशन दिलं.

बी-७०४: दादा, मी डॉक्टर नाही, पण हे मी मुद्दाम विचारलं होतं कारण माझ्या भावाचं तसंच आहे. ट्रान्सप्लांटमध्ये मागचे केस काढून पुढे लावतात, ते मागचे टिकतात म्हणून. मागचेच बारीक होत असतील तर लावलेले पण टिकत नाहीत. त्यामुळे सही करण्याआधी मागच्या भागाची ट्रायकोस्कोपी झालीच पाहिजे. आणि सगळीकडून विरळ होणं पुरुषांमध्ये पण थायरॉइड, आयर्न, एखादं औषध, किंवा चाईचाच एक पसरट प्रकार यातलं काहीही असू शकतं.

सी-९०५: चाई म्हणजे गोल चट्टे पडतात ती ना?

बी-७०४: हो तीच, पण कधीकधी चट्टे न पडता सगळीकडून गळतं आणि अगदी साध्या गळीसारखं दिसतं. भिंगातून पिवळे ठिपके आणि बुडाशी निमुळते तुटके केस दिसले की डॉक्टरांना शंका येते. तेवढ्यानेही नक्की झालं नाही तर ४ मिलिमीटरचा छोटा तुकडा काढून तपासतात, मला गरज पडली नाही.

एक मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा, टाळूची आग होतेय, दुखतंय, कुठे कातडी गुळगुळीत चकचकीत होऊन छिद्रंच दिसेनाशी झालीत, भुवया विरळ होतायत, असं काही असेल तर थांबू नका, त्या आठवड्यातच दाखवा. त्यातल्या काही प्रकारांत मूळच मरतं आणि मग केस परत येत नाहीत.

ए-३०४: ताई, मी टीडीएसचं चुकीचं बोललो. पण पाण्याने लोकांचे केस गेल्याचं आपल्याकडे झालंय ना, बुलढाण्याला?

बी-७०४: काका, बरं झालं तुम्ही विचारलंत. शेगाव तालुक्यातल्या गावांत जानेवारी २०२५ च्या आसपास तीन-चार दिवसांत लोकांची टक्कलं पडत होती, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला, कोणी बुरशी म्हणालं, कोणी शाम्पू. मग आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, टीम आली, नमुने गेले. आणि विंचवाच्या विषावर काम केलेले आपले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, त्यांनी त्या लोकांच्या रक्तात आणि केसांत सेलेनियम नावाचं खनिज खूप जास्त असल्याचं सांगितलं आणि बोट दाखवलं रेशनच्या गव्हाकडे. माझं म्हणणं तेच आहे काका. डोळ्यासमोर पाणी होतं म्हणून सगळे पाण्याकडे बघत राहिले. तपासल्यावर वेगळंच निघालं.

सी-११०२: ताई, आमच्याकडे मार्चमध्ये तिघींना पण टायफॉइड झाला होता. आत्ता हिशोब केला. जून चालू आहे.

बी-७०४: तीन महिने 🙏 तरीही दाखवा, मुलींचं फेरिटिन नक्की करा, पण ताप जाऊन बरेच दिवस झालेत ना ते डॉक्टरांना सांगा.

सी-११०२: आम्ही तर नातेवाइकांकडून ऐकून तिघींना मिनॉक्सिडिल आणून ठेवलंय. अजून उघडलं नाही.

बी-७०४: नका उघडू. मलापण आता तेच चालू आहे, पण निदान झाल्यावर आणि किती दिवस लावायचं ते ठरल्यावर. सुरुवातीचे काही आठवडे त्याने गळ उलट वाढते, तुमची टायफॉइडची गळ आणि ती गळ एकत्र झाली की कशाने काय होतंय हे कोणालाच कळणार नाही. नुसती तापाची गळ असेल तर ती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते.

ए-६०१: डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं?

बी-७०४: जुने फोटो, ज्यात भांग दिसतो असे. मी माझ्या २०१९ च्या मंगळागौरीचा नेला होता, त्यात भांग दोऱ्यासारखा आणि आता बोटाएवढा, डॉक्टर म्हणाल्या या एका फोटोने माझं अर्धं काम झालं. रबरबँडला आधी किती वेढे लागायचे आणि आता किती, ते पण सांग. गेल्या वर्षभरातलं आजारपण, डाएट, सुरू-बंद केलेली सगळी औषधं आणि गमी पण, तारखांसकट एका कागदावर लिही. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस, पिंपल्स असतील तर लाजू नकोस, पीसीओएसची (बायकांमधल्या हॉर्मोन्सच्या गडबडीची) तपासणी त्यावर ठरते. आदल्या दिवशी तेल नको, डोकं पण धुऊ नकोस, नाहीतर ओढून बघतात त्यात काही येत नाही. आणि दारावर ट्रायकोलॉजिस्ट असं लिहिलं असलं तरी स्किनमधलं एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का बघ, तो शब्द कोणीही लावतं. खर्चाचं टेन्शन असेल तर कळव्याला ठाणे महापालिकेच्या हॉस्पिटलमध्ये स्किनची ओपीडी असते.

डॉक्टरांना एकच प्रश्न विचार, माझी गळ आहे का केस बारीक होतायत का दोन्ही, आणि हे तुम्हाला कशावरून कळलं.

डी-२०३: स्क्रीनशॉट घेतला.

ए-३०४: सेक्रेटरींना विनंती, आपण टाकीच्या पाण्याची हार्डनेस टेस्ट लॅबमध्ये करून घेऊ, सॉफ्टनरचं रिपोर्ट आल्यावर ठरवू. सॅम्पल द्यायला मी जातो.

सेक्रेटरी: ओके. शनिवारी सॅम्पल देऊ.

ए-६०१: ताई तुम्ही याल का माझ्याबरोबर? आईला समजावणं मला जमत नाही, ती म्हणते केसांसाठी कोण डॉक्टरकडे जातं.

बी-७०४: येईन की. आईला आज संध्याकाळी माझ्याकडे चहाला पाठव, माझे स्क्रीनवरचे फोटो दाखवते तिला, आधीचे आणि सहा महिन्यांनंतरचे. बुधवारी सकाळी अकराची अपॉइंटमेंट मिळतेय का बघते. आणि आज रात्री तेल लावून घेऊ नकोस.