मदत हवी आहे: लग्नात आईला मागे न ठेवता विधी कसे करावेत?

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात साताऱ्याला माझं लग्न आहे. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. परवा केळवणाला माझी ओटी भरायची वेळ आली, तशी आईने नारळ-तांदळाचं ताट काकूच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला पुढे घास गिळवेना.

कन्यादान काका-काकूंनी करावं, असं घरचे म्हणतात. काकांवर माझा जीव आहे, पण मला वाढवलं आईने. शिवाय 'दान' हा शब्दच आम्हा दोघांना नको आहे. सासूबाईही आमच्या बाजूने आहेत.

पुण्यात ज्ञानप्रबोधिनीत शिकलेल्या स्त्री पुरोहित लग्नं लावतात, मंत्रांचा अर्थ मराठीत सांगतात. सत्यशोधक पद्धतीने तर १८७३ पासून भटजींशिवाय लग्नं लागताहेत. पण आजीला अंतरपाट, लाजाहोम, सप्तपदी सगळं हवंय, आणि तिचं मन मोडायचं नाही.

कुणाच्या घरी आईने एकटीने देवक बसवलं, मुलीचा हात जावयाच्या हाती दिला का? कन्यादानाच्या जागी काय म्हटलंत? गुरुजींशी आधी कसं बोललात? आणि मुख्य म्हणजे आईला कसं तयार केलंत? ती एकच म्हणते, "लोकांना बोलायला जागा कशाला द्यायची?"