आकडे रोज बदलतात, अशा विज्ञानाच्या बातम्या सामान्यांना सांगाव्यात का?

निळावंती
२७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीला '२०२४ वायआर४' हा लघुग्रह दिसला. २२ डिसेंबर २०३२ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता जानेवारीअखेर एक टक्क्याच्या वर गेली, १८ फेब्रुवारीला नासाने ती ३.१ टक्के सांगितली आणि आठवड्याभरात ती जवळपास शून्यावर आली. धोक्याचा पट्टा अरबी समुद्र, दक्षिण आशियावरून जात होता, म्हणून मुंबईचं नाव घरोघरी झालं. माझ्या मते अशा बातम्या पहिल्या दिवसापासून सांगायलाच हव्यात. फक्त आकडा का हलतो तेही सांगा. नेमकं तेच गाळलं जातं.

पारावरचा
साफ असहमत. माझी आई सत्तरीची, चेंबूरला एकटी राहते. रात्री अकराला तिचा फोन, "गावचं घर विकू नकोस रे." हवामानाचा अंदाज कळला तर छत्री तरी घेता येते. इथे तिने काय करायचं होतं? आठवड्याने 'धोका टळला' ऐकून म्हणाली, "यांनाच काही कळत नाही." उद्या हेच लोक लसीबद्दल सांगतील, तेव्हा ती ऐकेल? नक्की कळेपर्यंत थांबा ना.

निळावंती
गावच्या घराचं वाचून पोटात कालवलं. पण शास्त्रज्ञ चुकले नव्हते. आठवीच्या मुलांना मी हे चादरीवर दाखवलं. अंथरलेली चादर म्हणजे त्या दिवशी लघुग्रह जिथे जिथे असू शकेल ती सगळी जागा. तिच्यावर रुपयाचं नाणं, ती पृथ्वी. नवं निरीक्षण मिळालं की चादरीची एक बाजू आत मोडायची. चादर अर्धी झाली, नाणं तेवढंच. म्हणजे नाण्याचा वाटा दुप्पट! दोन-तीन घड्या असंच होतं. मग एका घडीला नाणं चादरीबाहेर फरशीवर येतं आणि वाटा शून्य. मोजमाप सुधारत गेलं म्हणूनच आकडा आधी चढला, मग कोसळला.

सांजवात
मी काही वर्षं वर्तमानपत्रात उपसंपादक होते. अशा बातमीला आम्ही डायनोसॉरचं चित्र लावायचो, याची आजही खंत वाटते. डायनोसॉर संपवणारा तो दगड सुमारे दहा किलोमीटरचा, हा साधारण साठ मीटरचा. एखाद्या शहराची हानी करू शकेल, पृथ्वीची नाही. आणि '३.१ टक्के आदळेल' म्हणजे जवळजवळ '९७ टक्के चुकेल', हे मथळ्यात कोणी लिहिलं?

पारावरचा
चादर पटली. पण लाखो वाचकांसमोर ती कोण मोडून दाखवणार? २००४ साली अपोफिस या लघुग्रहाचंही असंच झालं होतं, २.७ टक्क्यांवर गेला आणि मग २०२९ची धडक बाद झाली. वीस वर्षांत कोणी काही शिकलं का? 'टळलं' ही बातमी 'आदळणार'एवढ्याच मोठ्या अक्षरांत येत नाही, तोवर माझं मत तेच.

निळावंती
अक्षरांची अट शंभर टक्के मान्य. पण गप्प बसणं मला मान्य नाही. ही गणितं सगळ्या जगासाठी उघडी असतात. जाणकार बोलला नाही तर व्हॉट्सॲपवरचा कोणीतरी बोलेलच. १३ एप्रिल २०२९ला अपोफिस सुमारे ३२,००० किलोमीटरवरून सुखरूप निघून जाईल. त्या आठवड्यात आईंना पहिला फोन तुमचा जाऊ द्या.

पारावरचा
रविवारी चेंबूरला जातोच आहे, चादर तिच्याकडे आहे. मथळ्यांचं मात्र कोणी बोला.