बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेताना कोणते कागद पाहावेत? (अनगोळ, बेळगाव)

नवखा_खरेदीदार

नमस्कार. अनगोळ भागात सहा गुंठे जागेवर बारा फ्लॅटची इमारत उभी राहत असून तिच्यातील तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आम्ही पसंत केला आहे. कार्पेट क्षेत्र ७४० चौरस फूट आणि किंमत ४२ लाख रुपये ठरली आहे. पार्किंग व विकासखर्च म्हणून आणखी सव्वातीन लाख वेगळे सांगितले आहेत. आमच्या घरात आजवर कोणी फ्लॅट घेतलेला नाही, त्यामुळे विचारायला वडीलधारे असूनही अनुभवाचा सल्ला मिळत नाही.

बिल्डरांनी सहा लाख रुपये इसार मागितला आहे. त्याची पावती बॉण्डवर देऊ, करार नोंदवण्याचा खर्च कशाला, ताबा देताना एकदम खरेदीपत्रच करू, असे त्यांचे म्हणणे आहे. रेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडच्या नोंदणीबद्दल विचारले तेव्हा, बारापैकी चार फ्लॅट जागामालकांच्या वाट्याचे असल्याने विकायला आठच उरतात आणि आठ फ्लॅटपर्यंत रेरा लागत नाही, असे उत्तर मिळाले. कोल्हापूरचे मामा फोनवर सातबारा आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) बघ म्हणून सांगतात, पण येथे त्या नावाचे कागद कोणी दाखवत नाही. जे दाखवले ते बहुतेक कन्नडमध्ये आहेत; मला कन्नड बोलता येते, मात्र दस्तातले कन्नड उलगडत नाही. इसार देण्यापूर्वी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

काळा_कोट

मी येथील न्यायालयात बरीच वर्षे दिवाणी दावे चालवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम रेराचा मुद्दा. २०१६ च्या कायद्याप्रमाणे जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅटची संख्या आठपर्यंत असेल, तर नोंदणीतून सूट मिळते. सहा गुंठे म्हणजे ६,५३४ चौरस फूट, म्हणजे सुमारे ६०७ चौरस मीटर, तेव्हा जागेच्या बाजूने सूट नाही. राहिला फ्लॅटचा आकडा. तो मोजताना बिल्डर किती विकणार हे पाहायचे नसते, किती बांधले जाणार हे पाहायचे असते, आणि तेथे बाराच उभे राहत आहेत. जागामालकांचे चार वजा करण्याची ही युक्ती मी यापूर्वीही ऐकली आहे. नोंदणी लागू असताना ती न करता जाहिरात करणे किंवा बुकिंग घेणेदेखील कायद्याच्या कलम ३ ने मना आहे, मग सहा लाखांची गोष्ट दूरच. नोंदणी झाली तरीही, करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. आपल्या बाबतीत ती मर्यादा ४ लाख २० हजारांची आहे. बॉण्डवरची पावती हा नोंदणीकृत करार नव्हे, त्यावर कितीही शिक्के मारलेले असोत.

आता जागेकडे वळू, कारण माझ्या अनुभवात फ्लॅटचे बहुतेक दावे भिंतींवरून होत नाहीत, भिंतीखालच्या मातीवरून होतात. चार फ्लॅट जागामालकांचे, याचा अर्थ जागा बिल्डरांनी विकत घेतलेली नाही. मालकांशी संयुक्त विकास करार केलेला आहे. तो करार आणि त्यासोबतचे मुखत्यारपत्र दोन्ही नोंदणीकृत आहेत का, आणि कोणता फ्लॅट कोणाच्या वाट्याला आला याचा स्वतंत्र पूरक करार झाला आहे का, हे पाहावे. आपला फ्लॅट मालकांच्या वाट्यात निघाला, तर बिल्डरांच्या एकट्याच्या सहीचा उपयोग नाही.

मालक म्हणून सह्या करणारे सगळेच मालक आहेत का, हा त्यापुढचा प्रश्न. अनगोळ, वडगाव, शहापूर या भागांतील जागा पिढ्यान्‌पिढ्या एकत्र कुटुंबाकडे चालत आलेल्या असतात. भाऊ सह्या करून मोकळे होतात. गडहिंग्लजला किंवा खानापूरला दिलेल्या बहिणींना कोणी विचारलेले नसते. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांइतकाच जन्मजात हक्क मिळाला, आणि त्यासाठी दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत वाटणीपत्राने किंवा न्यायालयाच्या हुकुमाने वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी. घरातल्या घरात साध्या कागदावर केलेली वाटणी सहसा टिकत नाही. म्हणून वंशावळ मागा, तीवरची नावे आणि विकास करारावरच्या सह्या शेजारी ठेवून एकेक नाव जुळवा. जे नाव करारात नसेल, त्याचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवेच.

मालकांकडे जुने कागद मराठीत निघाले तर गोंधळून जाऊ नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होते, त्यामुळे त्याआधीचे दस्त बहुधा मराठीत असतात आणि त्याहून जुने काही मोडीतही सापडतात. मोडी वाचणारे आता मोजकेच उरले आहेत. तरी वाचून घ्या, कारण मूळ मालकी कधी कधी त्याच पिवळ्या पानात असते.

निपाणीकर

मामांचा सल्ला चुकीचा नाही. फक्त तो सीमेपलीकडचा आहे. आमचे निम्मे नातेवाईक कागलला असल्यामुळे हा घोळ आम्हीही घातला होता. महाराष्ट्रात सातबारा, तर आपल्याकडे शेतजमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी. शहरात सिटी सर्व्हे झालेल्या जागेला सीटीएस नंबर आणि त्याचा प्रॉपर्टी कार्ड असतो. इंडेक्स टूच्या जागी येथे बोजाचा दाखला, म्हणजे ईसी, पाहतात. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर तो मिळतो. नमुना १५ आला तर त्यात झालेल्या व्यवहारांची यादी असते आणि नमुना १६ आला तर त्या काळात काहीच नोंद नाही, असे समजावे. तेरा वर्षांचा काढून थांबू नये, तीस वर्षांचा काढावा.

मोठा फरक दस्तात आहे. तिकडे करारावरच पूर्ण मुद्रांक भरतात आणि पुढे सोसायटी स्थापन होते. आपल्याकडे शेवटी स्वतंत्र खरेदीपत्र होते आणि त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा किती चौरस फूट, हे आकड्यात लिहिलेले असते. सोसायटीऐवजी कर्नाटकाच्या १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र नोंदवून मालकांची संघटना करतात. बारा हिश्शांची बेरीज पुरी जागा होते का, हे स्वतः करून पाहा. आमच्या इमारतीत ती जुळत नव्हती आणि गच्चीचा हक्क बिल्डरांनी स्वतःकडे ठेवला होता, हे तेव्हा लक्षात आले.

सव्वातीन लाखांकडेही बारकाईने पाहा. ४५ लाखांपर्यंतचा आणि, महानगर सोडून इतरत्र, ९० चौरस मीटरपर्यंत कार्पेट असलेला बांधकामाधीन फ्लॅट एक टक्का जीएसटीत बसतो. पार्किंग आणि विकासखर्च किमतीत धरला की आपला आकडा ४५ लाख २५ हजार होतो आणि दर पाच टक्क्यांवर जातो, म्हणजे कर २ लाख २६ हजार २५० रुपये. पंचवीस हजारांसाठी एवढा भुर्दंड कोणी सोसावा? घासाघीस करायची असेल तर ती येथे करा. पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या ४५ लाखांपर्यंतच्या फ्लॅटला मुद्रांकही पाचऐवजी तीन टक्के आहे. त्यावर सेस आणि अधिभार, शिवाय नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेरीपासून एकऐवजी दोन टक्के झाली आहे. ४२ लाखांवर हे सगळे मिळून साधारण सव्वादोन लाख होतात.

शहराबाहेरचा

मी तज्ज्ञ नाही, फसलेला आहे. २०१९ साली शहराला लागून असलेल्या ग्रामपंचायत हद्दीत फ्लॅट घेतला. बँकेचे कर्ज लागले नाही, त्यामुळे वकिलाकडेही गेलो नाही. गेल्या वर्षी फ्लॅट विकायला काढला तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेने कागद परत केले. आमचा पंचायतीचा उतारा नमुना ११ बी होता. कोपऱ्यातले ते एक अक्षर मी सहा वर्षे पाहत होतो. नमुना ९ आणि ११ ए असलेली जागाच रीतसर बिनशेती व मंजूर मानतात, हे तेव्हा कोणीच सांगितले नाही. शिवाय मंजूर नकाशात तीन मजले आणि प्रत्यक्षात चार. आमचा फ्लॅट चौथ्यावर.

आपली जागा महापालिका हद्दीत असली तरी मंजूर नकाशा हातात घेऊन मजले मोजा. ताब्याच्या वेळी वापर परवाना, म्हणजे ओसी, आणि फ्लॅटनिहाय ई-खाते, म्हणजे महापालिकेच्या दप्तरातील मिळकतीची डिजिटल नोंद, मागा, कारण आता ई-खात्याशिवाय सबरजिस्ट्रार कचेरीत शहरी मिळकतीचा दस्त नोंदला जात नाही.

बँकवाला

एकच गोष्ट सांगतो. बँकेच्या वकिलांनी पास केले आहे, असे बिल्डर सांगतात तेव्हा तो अहवाल बँकेने आपल्या कर्जाच्या सुरक्षिततेसाठी घेतलेला असतो. फी बहुधा आपणच भरता, म्हणून त्याची प्रत मागण्यास संकोच करू नये. तरीही स्वतःचा वकील वेगळा असावा.

नवखा_खरेदीदार

सर्वांचे आभार. काल तीस वर्षांचा ईसी काढला आणि शेजारच्या निवृत्त शिक्षकांकडून ओळ न ओळ वाचून घेतला. २०१६ सालची एक गहाणखताची नोंद आहे. जागामालकांनी एका पतसंस्थेकडून कर्ज घेतलेले दिसते, आणि ते फिटल्याची नोंद खाली कोठेही नाही. बिल्डर म्हणतात की कर्ज कधीच फिटले आहे, पत्र आणून देतो.

काळा_कोट

पतसंस्थेचे नुसते पत्र पुरत नाही. गहाणखत नोंदलेले असल्यामुळे बोजा कमी केल्याचा दस्तही नोंदला गेला पाहिजे आणि तो नव्या ईसीत दिसला पाहिजे. आधी ते होऊ द्या, मग रेरा नोंदणी, मग नोंदणीकृत करार, आणि त्यानंतरच पैसे. तेही रेराकडे दाखवलेल्या प्रकल्पाच्या खात्यावर, कोणाच्या वैयक्तिक नावावर नव्हे. वंशावळीचे काय झाले?

नवखा_खरेदीदार

मागितली आहे. मालकांना तीन बहिणी आहेत असे आज समजले. विकास करारावर एकीचीच सही आहे. चेक अजून कपाटातच आहे.