फायरमनसाठी बूट कोणते घ्यावे? गमबुटाने टाच सोलून निघतेय

शिडीवाला:
नगरपालिकेच्या फायर स्टेशनला आहे. स्टोअरमधून गमबूट मिळाले ते एक नंबर मोठे, म्हणे साइज संपली. शिडी चढताना टाच आतल्या आत वरखाली होते, ड्रिल संपेपर्यंत कातडी निघते. आता स्वतःच्या पैशाने घेतो म्हटलं. स्टील टो वाला सेफ्टी शू स्वस्तात मिळतोय, दुकानदार म्हणतो फायरला चालतो. चालतो का खरंच? लेदर घेऊ की रबर? इथे चार महिने पाऊस आणि बाजूलाच एमआयडीसी.

जुनाखाकी:
दुकानदाराच्या बापाचं काय जातंय, पाय तुमचे भाजणार. फॅक्टरीतला एस३ शू (एस३ हा साध्या सेफ्टी शूचा दर्जा) म्हणजे फायर बूट नव्हे. स्वस्तातल्या शूला बहुतेक पीयूचा (पॉलीयुरेथेन, एक प्लास्टिक) सोल असतो, तो गरम मलब्यावर मऊ पडतो आणि वापर नसला तरी दमट हवेत काही वर्षांत भुगा होऊन सुटतो. सोल नायट्राइल रबरचा बघा, एचआरओ मार्किंग म्हणजे ३०० डिग्रीला एक मिनिट टेकवून टेस्ट केलेला. बुटावर ईएन १५०९० (फायर बुटांचं युरोपियन स्टँडर्ड) आणि त्यातला टाइप एफ२ आहे का ते पण बघा, बिल्डिंगच्या आगीसाठी तोच टाइप, त्यात टो कॅप (बोटांवरचं कडक कवच) आणि खिळा आत घुसू नये म्हणून तळाला प्लेट दोन्ही येतं. एफ१ जंगलाच्या वणव्यासाठी, तो घेऊ नका.

कोकणी_होज:
लेदरचा घोट्याला आधार चांगला, शिडीवर फरक लगेच कळतो. पण भिजला की जड, दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळत नाही, आणि घाईत कोणी हीटरपुढे ठेवला की तडकलाच. कागदाचे बोळे कोंबून सावलीत ठेवायचा. एमआयडीसी असेल तर मी रबरच म्हणेन, केमिकल लेदरमध्ये मुरतं, रबर धुतलं की मोकळं.

जुनाखाकी:
@कोकणी_होज रबरात पाय घामाने उकडून निघतो त्याचं काय, लांबला कॉल की तळव्याची भाकरी होते. माझं मत लेदरच, रबरची जोडी गाडीत वेगळी ठेवा.

सखी_फायर:
दादा, आधी स्टोअरला साइज बदलून द्या म्हणून लेखी अर्ज टाका, तो तुमचा हक्क आहे. विकत घ्यायचाच तर संध्याकाळी जा, दिवसभराने पाय फुगलेला असतो, आणि ड्यूटीचे जाड मोजे घालून ट्राय करा, सुती किंवा लोकरीचे, नायलॉनचे नकोत, उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात. दुकानातच उकिडवं बसा, पायरी चढा-उतरा. टाच उचलली गेली की तो बूट परत द्या, लेदर घालून घालून सैल होतं पण टो कॅप बोटांना टोचत असेल तर ती जन्मात सैल होत नाही. बायकांनो, पुरुषांच्या साच्यात लहान नंबर घेऊ नका, टाच रुंद पडते.

शिडीवाला:
धन्यवाद सगळ्यांना. अँटिस्टॅटिक लिहिलेला असेल तर पाण्यात तुटलेली वायर पडलेली असताना चालेल ना?

जुनाखाकी:
अजिबात नाही! अँटिस्टॅटिक बूट अंगावरचा स्टॅटिक चार्ज जमिनीत जाऊ देतो, म्हणजे करंट पूर्ण अडवत नाही. आधी महावितरणला फोन करून लाइन बंद करून घ्या, मगच पाण्यात पाय टाका, बूट कुठलाही असो.