हार्लेमचे फोटो बाहेरच्याने काढले म्हणून खोटे ठरतात का?

अनुजा_पु
छायाचित्रकार ब्रूस डेव्हिडसनचं 'ईस्ट हंड्रेडथ स्ट्रीट' हे फोटोंचं पुस्तक परवा पुन्हा काढून बसले. १९६६ पासून दोन वर्षं हा गोरा माणूस न्यूयॉर्कमधल्या ईस्ट हार्लेमच्या एकाच गल्लीत फोटो काढत होता. वस्ती कृष्णवर्णीयांची आणि पोर्तो रिकन लोकांची. या पुस्तकावरचा आक्षेप ठरलेला आहे: बाहेरून आला, गरिबी टिपली, नाव कमावलं. मला तो पटत नाही. त्याने आधी तिथल्या रहिवासी समितीची परवानगी घेतली. कॅमेरा होता तिवईवरचा, भलामोठा. असं धूड घेऊन कुणाच्या घरात शिरायचं तर घरच्यांनी 'या' म्हणावं लागतं. चोरून काही टिपताच येत नाही. शिवाय फोटोची प्रत तो त्या लोकांना नेऊन द्यायचा. म्हणून तर त्यातली माणसं आपल्याकडे सरळ, मान वर करून बघतात.

गच्ची
असहमत. परवानगी घेतली, मान्य. पण भिंत कुणाला मिळाली? हे फोटो १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. रॉय डिकारावा १९१९ साली हार्लेममध्येच जन्मला. १९५२ मध्ये गुगेनहाइम ही मानाची फेलोशिप मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय छायाचित्रकार. त्याच म्युझियमने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं थेट १९९६ मध्ये, तोवर त्याने पंचाहत्तरी ओलांडली होती! त्याचा १९५३ चा 'हॉलवे' बघा. भाड्याच्या इमारतीतला अरुंद बोळ, मिणमिणता उजेड, भिंती अंगाला घासतील अशा. माणूस एकही नाही. लहानपणी असल्या बोळांतून रोज गेलेल्या माणसाचाच तो फोटो आहे.

अनुजा_पु
१९९६ ऐकून वाईट वाटलं. पण तो दोष म्युझियमचा. फोटोंना का धरता?

गच्ची
कारण शहराने कुणाचं हार्लेम पाहायचं, ते म्युझियमच ठरवत होतं. १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्याच मेट्रोपॉलिटन म्युझियमने 'हार्लेम ऑन माय माइंड' हे प्रदर्शन भरवलं. विषय हार्लेम, आणि तिथल्या चित्रकार-शिल्पकारांचं एकही काम नाही! नुसते फोटो, भिंतभर मोठे केलेले. डिकारावा बाहेर निदर्शकांमध्ये उभा होता.

रेवा
त्याच प्रदर्शनाने जेम्स व्हॅन डर झी जगाला कळला, हेही सांगा. हार्लेममध्ये अनेक दशकं स्टुडिओ चालवलेला म्हातारा, वय ऐंशीच्या पुढे. आणि त्याच वर्षी त्याला राहत्या घरातून बाहेर काढलं.
तुम्ही दोघं फोटोग्राफरपाशीच अडकलाय. त्या काळात शहर सुधारण्याच्या नावाखाली अख्ख्या वस्त्या पाडत होते. कृष्णवर्णीय लेखक जेम्स बाल्डविनने १९६३ मध्येच टीव्हीवर सांगितलं होतं की याचा खरा अर्थ काळ्यांना हटवणं. मला म्हणून छायाचित्रकार कामिलो होसे व्हर्गारा जवळचा वाटतो. जन्माने चिलीचा, म्हणजे तोही बाहेरचाच. पण ६५ ईस्ट १२५वा रस्ता या एकाच पत्त्याचे फोटो तो १९७७ पासून वर्षानुवर्षं काढत राहिला. आधी नाइटक्लब, मध्ये सिगारेटचं दुकान, पुढे गाद्यांचं. मी तिथल्या स्टेशनवर चार वर्षं उतरत होते, तो दरवाजा ओळखीचा आहे. ते फोटो ओळीने लावल्यावर कळतं की कुणीतरी तिथून गेलंय.

गच्ची
गेलंय, पण कोण? दुकानाची पाटी ते सांगत नाही. व्हॅन डर झीच्या फोटोंत ती माणसं आहेत, ठेवणीतले कपडे घालून बसलेली.

अनुजा_पु
रेवा, व्हॅन डर झीचं घर गेल्याचं मला माहीत नव्हतं. डेव्हिडसनवरचं मत बदलत नाही. पण त्याने दिलेल्या प्रती ज्या खोल्यांत लागल्या असतील, त्या खोल्यांचं पुढे काय झालं, हे मी विचारलंच नव्हतं.