सोसायटी आणि रुग्णालय, दोघांच्या आग-तपासणीचं वेळापत्रक एकच का?

अनिकेत_ठाणे
राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी-जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘फॉर्म बी’, म्हणजे आग विझवण्याची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, घ्यावं लागतं. बारा मजली सोसायटी असो की रुग्णालय, वेळापत्रक तेच. मला हे पटत नाही. धूर दिसला की धडधाकट माणूस जिना गाठतो. अतिदक्षता विभागातला रुग्ण नळ्यांनी जखडलेला असतो, तान्ह्या बाळाला तर कुणीतरी उचलूनच न्यावं लागतं. जानेवारी २०२१ मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बाळं गेली. त्याच नोव्हेंबरात अहमदनगरला अतिदक्षता विभाग पेटला. अग्निशमन दलाकडे माणसं कमी आहेत ना, मग ती आधी अशा ठिकाणी पाठवा. दर महिन्याला, न सांगता.

वैशाली_क
धोका जास्त की कमी, हे ठरवणार कोण? इंग्लंडने २००५ च्या आदेशाने अग्निशमन दलाची प्रमाणपत्रं बंद केली आणि जोखीम तपासायचं काम इमारत चालवणाऱ्यांवरच सोपवलं. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीचीही अशी तपासणी झाली होती. १४ जून २०१७ ला चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातली आग बाहेरच्या ज्वलनशील आवरणावरून वर चढली आणि ७२ माणसं गेली. पैसे देणाऱ्या मालकाला तज्ज्ञ ‘इमारत रिकामी करा’ म्हणेल का? जिन्याची रुंदी टेपने मोजून कोर्टात दाखवता येते, ‘मध्यम जोखीम’ कशी दाखवणार? आणि आपली राष्ट्रीय बांधकाम संहिता वापरानुसार इमारतींचे नऊ गट करतेच की.

अनिकेत_ठाणे
गट आहेत, पण त्यांचा विचार होतो नकाशा मंजूर होताना. पुढे त्याच वॉर्डात खाटा वाढतात. वॉर्मर, व्हेंटिलेटर, एसी जुन्याच वायरिंगवर चढतात. तो वाढलेला भार सहा महिन्यांनी येणारा माणूस बघतो का? जिन्याचं माप कमी करा, असं मी म्हणतच नाहीये.

चिटणीस_डोंबिवली
तुम्ही म्हणत नाही, पण होईल तेच. आमच्या इमारतीवर ‘कमी धोका’ शिक्का बसला, तर पुढच्याच वार्षिक सभेत पहिली कात्री फायर पंपाच्या देखभालीला लागेल. आणि कमी धोका कसला? जिन्याखाली ई-स्कूटर चार्जिंगला लावलेल्या असतात. त्या पेटल्या तर तुमचा धडधाकट माणूस कुठल्या जिन्याने उतरणार?

वैशाली_क
अनिकेत, रुग्णालयांची जादा तपासणी मला हवीच आहे. पण ती दलाच्या अधिकाऱ्याने करावी आणि अहवाल रुग्णालयाच्या दारावर लावावा. सोसायट्यांचा फॉर्म बी मात्र एकदाही चुकता कामा नये.