‘उत्सेचक’ की ‘विकर’, आणि साखर ‘भंगते’ की ‘विच्छेदते’?

प्रश्न: बडोद्यात दांडिया बाजारातील आमच्या मंडळापुढे मला कीटकांच्या शरीरातील साखर तोडणाऱ्या एन्झाइमांच्या क्लोनिंगविषयी बोलायचे आहे. शिक्षण गुजरातीतून झाल्याने ‘उत्सेचक’ हाच शब्द तोंडी बसला आहे. तो मराठीत चालेल का? ‘शर्कराभंजक’ कसा वाटतो?

प्रतिसाद: ‘उत्सेचक’ टाळावा, कारण मराठी वाचकाला त्यातून ‘उत्सेक’, म्हणजे ऊतू जाणे किंवा गर्व, आठवेल, महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘विकर’ रुळला आहे. ‘भंजक’ म्हटले की मूर्ती फोडल्याचा भास होतो. येथे तर दोन शर्करांना जोडणारा एकच बंध पाण्याचा एक रेणू खर्चून सुटतो. ‘जलीय विच्छेदन’ ही संज्ञा आहेच, म्हणून ‘शर्कराविच्छेदक’.

मात्र ‘इन्व्हर्टेज’चे, म्हणजे ऊस-साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग करणाऱ्या विकराच्या नावाचे, भाषांतर करू नये. ऊस-साखरेचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते आणि विच्छेदनानंतर डावीकडे. हे नाव त्या उलटण्यावरून पडले. ‘परावर्तक’ केल्यास श्रोते आरसा शोधतील. शिवाय या एका नावाखाली दोन विकरे नांदतात. मधमाशीचे विकर तो बंध ग्लुकोजच्या बाजूने धरते, तर रेशीमकिड्याकडे फ्रुक्टोजच्या बाजूने धरणारेही एक आहे. तुतीच्या चिकातील शर्करेसारखी दिसणारी अल्कलॉइडे पहिल्या प्रकाराला अडवतात, दुसऱ्याला नाही. म्हणूनच इतर अळ्यांना बाधणारे पान रेशीमकिडा निवांत खातो. हा फरक शब्दांत दिसलाच पाहिजे.

दुसरा प्रतिसाद: ‘ट्रेहॅलोज’ही तसाच ठेवावा. कीटकांच्या रक्तातील ही मुख्य शर्करा, ग्लुकोजच्या जोडीची. तिचे नाव एका सोंडकिड्याच्या गोड कोशावरून आले; युनानी औषधांत तोच कोश ‘शकर तिघाल’ म्हणून ओळखला जातो.

‘क्लोन’साठी ‘कृत्तक’ आहे, परंतु ऐकताना तो ‘कृंतक’ वाटतो आणि कीटकांच्या व्याख्यानात उंदीर शिरतात. क्लोनिंगच बरे. तेही विकराचे नव्हे, त्याच्या जनुकाचे: अळीच्या आतड्यातील आरएनएवरून डीएनएची प्रत करून ती जिवाणूत घालतात, आणि तयार झालेले विकर कोणत्या सामूला (आम्ल-अल्कतेच्या पातळीला), किती तापमानाला, कोणती शर्करा तोडते ते तपासतात. या तपासणीला ‘गुणधर्मनिश्चिती’ म्हणावे. इंग्रजी ‘कॅरॅक्टरायझेशन’वरून ‘चारित्र्य’ काढू नये.

प्रश्नकर्ती: आभार. शीर्षक असे ठेवते: ‘कीटकांतील शर्कराविच्छेदक विकरे: जनुकांचे क्लोनिंग व गुणधर्मनिश्चिती’. ‘विकर’ नपुंसकलिंगीच ना?

प्रतिसाद: होय, ते विकर, ती विकरे.